शून्य ते पंधरा

६ जुलै

ताई,

'प्रिय' लिहिलं तर तू नाक मुरडशील आणि 'तीर्थरूप' लिहिलं तर हसत सुटशील, म्हणून नुसतंच ताई. फोन तू उचलत नाहीस. घर बदललंस ते आईकडून कळलं, पण नवा पत्ता मागायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून हे तुझ्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवतोय. पाकिटावर माझं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. टाकलं असतं तर न फोडताच ते कचऱ्याच्या बादलीत गेलं असतं. तुला मी ओळखतो.

आपल्या भांडणावर मला काही लिहायचं नाहीये. आईला मी माझ्याकडे राहायला न्यावं, असं तू म्हणालीस; कॉलेजचं क्वार्टर लहान आहे, असं मी म्हणालो. क्वार्टर अजून लहानच आहे. विषय संपला.

बातमी वेगळी आहे. आई कॉलेजात जायला लागली. हसू नकोस. माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात, बीजगणिताला. तिनं तुला फोनवर सांगितलं असेल, पण तिच्या सांगण्यात सगळं नेहमी मस्तच चाललेलं असतं, म्हणून मी माझ्या बाजूनं सांगतो.

तिचे गुडघे आता बसमध्ये उभं राहू देत नाहीत. संध्याकाळी पाय सुजून येतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकिटांची पिशवी गळ्यात अडकवून ही तयार. डेपोच्या वेळापत्रक विभागात एक जागा रिकामी होतेय, डिसेंबरात भरायची. टेबल, खुर्ची, खिडकीशेजारी पंखा. कंडक्टरांनाही अर्ज करता येतो, अट एकच: कॉलेजच्या बीजगणिताचं प्रमाणपत्र. पुढची जागा कधी निघेल कुणाला ठाऊक, तोवर ती निवृत्त झालेली असेल. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग आमच्याकडे एकच, आणि तो माझा. तेव्हा इलाज नव्हता.

वर्गात मला 'सर' म्हणायचं, ही तिचीच कल्पना. "उगाच कुणी म्हणायला नको, मास्तराची आई म्हणून पास झाली," असं म्हणाली. (घरी मी अजून 'मास्तर'च आहे. तूच ठेवलेलं नाव, चिकटलं ते चिकटलं.) मला ते पटलं. पहिल्या दिवशी हजेरीला ती अशी काही "हजर, सर!" ओरडली की पहिल्या बाकावरचा टायपिस्ट दचकून उभाच राहिला. तिला वाटतं प्रत्येक खोलीला बससारखं मागचं दार असतं आणि आवाज तिथपर्यंत पोचायलाच हवा. सगळे हसले. मी खडू शोधत राहिलो.

तुला आठवतं, आपण चौकटीच्या कागदावर ठिपके जोडत आलेख काढायचो? आता ते गेलं. ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये समीकरण टाकायचं, बटण दाबायचं, वक्ररेषा आपोआप उमटते. फक्त पडदा तळहातापेक्षा लहान आणि आलेखाला तर अंत नसतो, म्हणून कुठून कुठपर्यंतचा तुकडा बघायचा ते यंत्राला आधी सांगावं लागतं. त्याला विंडो म्हणतात. डावीकडे उणे दहा, उजवीकडे दहा, खाली-वर तेवढंच. बहुतेक सगळे तेच ठेवतात. मीही तेच शिकवतो, तपासायला सोपं जातं.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल. नाही दिलंस तरी लिहीन.

मास्तर


३० जुलै

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या लांबून, तिकीट लावून, एकच ओळ: "वर्गात तू तिला काय म्हणतोस?"

सांगतो. आधी अभ्यासाचं सांगतो.

ती हुशार विद्यार्थिनी नाही. अपूर्णांक आला की तिची गाडी बंद पडते, कंस उघडते आणि मिटायला विसरते. पण प्रश्न विचारायला लाजत नाही आणि त्याचाच मला घाम फुटतो. 'फल' म्हणजे काय ते मी सांगत होतो: x ची एक किंमत टाकली की y ची एकच किंमत मिळते. तिचा हात वर. "म्हणजे सर, अमुक स्टॉपचं अमुक तिकीट, असंच ना? एका स्टॉपला दोन भाव चालायचे नाहीत. पण दोन स्टॉपना एकच भाव असला तर?" चालतं, असं सांगून मी पुढे गेलो. उदाहरण चांगलं होतं. दुसऱ्या कुणी दिलं असतं तर मी ते फळ्यावर लिहिलं असतं.

तिच्या शेजारी एक तरुण मुलगी बसते, केसांत नेहमी दोन पेनं खोचलेली. मी मनात तिला पेनवालीच म्हणतो. वर्गातली सगळ्यात चलाख. आईचं तिच्याशी मेतकूट जमलंय. दोघी कॅल्क्युलेटरवर डोकी लावून बसतात आणि खुसखुसतात. आईनं कॅल्क्युलेटर कुठल्यातरी पास होऊन गेलेल्या विद्यार्थ्याकडून जुना घेतलाय. मी विचारलं तर म्हणाली, पडदा जरा दमलाय, पण माझं भागतं. आमच्या गणित विभागाच्या कपाटात सात-आठ चांगले पडून आहेत, मागितले की वर्षभर वापरायला देतो आम्ही. तिनं मागितला नाही.

मी बाकांमधून फिरून प्रत्येकाचा पडदा बघतो, कुणाचं काय चुकतंय ते बघतो. तिच्या बाकापर्यंत जाईजाईतो वेळ संपतो. सुरुवात नेहमी दुसऱ्या टोकानं होते ना, त्यामुळे.

परवा मीटिंगमध्ये विभागप्रमुख मॅडमनी दरवर्षीसारखं विचारलं, कुणाचा जवळचा नातेवाईक स्वतःच्या वर्गात आहे का. असेल तर त्यांचे पेपर दुसऱ्याकडे देऊ. कुणी काही बोललं नाही. माझी नोकरी या वर्षाअखेरीस पक्की व्हायची आहे, हे तुला माहीत आहे. अशा वेळी उगाच चर्चा कशाला.

आता तुझा प्रश्न. सगळा वर्ग तिला मावशी म्हणतो. मी काही म्हणत नाही. बोलावंच लागलं तर 'तुम्ही' म्हणतो. झालं समाधान?

मास्तर


२४ ऑगस्ट

ताई,

वाईट बातमी आहे आणि ती तुला माझ्याकडून कळलेली बरी. आई मधल्या परीक्षेत नापास झाली. चाळीस हवे होते, चौतीस पडले. नियम असा की मधल्या परीक्षेत नापास झालेल्याला शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही, पुढच्या जुलैत नव्यानं यायचं. म्हणजे डिसेंबरातली ती खुर्ची गेली.

तू म्हणशील, सहा मार्कांसाठी? स्वतःच्या आईला? म्हणूनच सविस्तर लिहितोय.

एक प्रश्न दहा मार्कांचा होता. y = x² − 8x + 12 याचा आलेख काढा आणि त्यावरून सगळ्यात खालचा बिंदू सांगा. मुलं याला वाटी म्हणतात, कारण आकार वाटीसारखाच येतो. उत्तरपत्रिकेवर कॅल्क्युलेटरच्या पडद्याएवढी रिकामी चौकट छापलेली असते, पडद्यावर दिसेल ते तिच्यात उतरवायचं. चौकटीखाली चार रिकाम्या जागा असतात, तिथे विंडोचे आकडे लिहायचे. मी बरोबर उत्तर पारदर्शक कागदावर काढून ठेवतो आणि प्रत्येकाच्या चौकटीवर ठेवून बघतो. जुळलं की बरोबर.

वाटी यायला हवी चौकटीच्या उजव्या अर्ध्यात. आईची आली डावीकडे. वजाच्या जागी अधिक घेतलं की नेमकं असंच होतं, दरवर्षी अर्धा वर्ग ही चूक करतो. शिवाय उभा अक्ष तिनं काढलेलाच नव्हता. इथवर ठीक. पण खालचा बिंदू तिनं लिहिला होता (४, −४). बरोब्बर! तिच्या चित्रावरून हे उत्तर येऊच शकत नव्हतं, तिथे उणे चार यायला हवं होतं. चित्र चुकीचं आणि उत्तर बरोबर, याचा अर्थ कुठलाही मास्तर एकच लावेल. शेजारी पेनवाली बसली होती.

मी शून्य दिलं आणि लाल शाईनं लिहिलं: "आकृती आणि उत्तर जुळत नाही. उत्तर स्वतःचं असावं."

बघून परत द्यायचे पेपर वाटताना मी वर्गाला हेही सांगितलं, नाव न घेता, की काही जणांनी शेजाऱ्याचं बघितलंय आणि या वयात ते शोभत नाही. 'या वयात' हे शब्द तोंडातून निघाल्यावर माझ्या लक्षात आलं की बाकी सगळे विशी-तिशीतले आहेत. आईनं पेपर वाचला. उलटून पुन्हा वाचला. मग परत आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ठीक आहे, सर." आवाज इतका हळू की मी मान वर करून बघितलं.

मला कमालीची लाज वाटली, ताई. तिची. तिकिटांच्या हिशेबात कधी कुणाचं एक नाणं इकडचं तिकडे न केलेली आपली आई, आणि एका वाटीसाठी शेजारणीच्या कागदात डोकावली. पण मी तिला सूट दिली नाही, एवढं तरी तुला मान्य करावं लागेल.

मास्तर


१ सप्टेंबर

ताई,

मागचं पत्र फाडून टाक. नाही, नको फाडू. ठेव.

आई वर्गाला येत नव्हती. मला वाटलं नापास झाल्यावर कशाला येईल. आज वर्ग सुटल्यावर पेनवाली टेबलापाशी येऊन उभी राहिली. केसातलं एक पेन काढून हातात फिरवत होती.

"सर, मावशींनी कुणाचं बघितलं असं वाटतं तुम्हाला?"

मी म्हटलं, हा विषय तुमच्याशी बोलण्याचा नाही.

"माझ्याशीच बोलण्याचा आहे. त्यांच्या शेजारी मीच होते. दुसऱ्या बाजूला भिंत होती."

मी टेबलावरचे खडू गोळा करायला लागलो.

"माझा तो प्रश्न कोरा होता, सर. मला वेळच पुरला नाही. तुम्हीच शून्य दिलंय मला. मग त्यांनी बघितलं काय, बाक?"

मी कपाटातून पेपर काढले. तिचा कोरा होता. मग आईचा काढला आणि चौकटीखालचे ते चार आकडे पहिल्यांदा वाचले. माझी लाल शाई त्यातल्या एकावरून गेली होती. शून्य. पंधरा. उणे दहा. दहा.

शून्य ते पंधरा, ताई. उणे दहा ते दहा नव्हे. तिनं वेगळा तुकडा बघितला होता. शून्यापासून सुरुवात केली तर उभा अक्ष चौकटीच्या डाव्या कडेवरच येतो, वेगळा काढायचा प्रश्नच नाही. आणि शून्य ते पंधरात चार हा आकडा डावीकडेच पडतो. मी माझ्या कॅल्क्युलेटरवर तेच आकडे घालून बटण दाबलं. तिची वाटी जशीच्या तशी. टोकं कुठे कापली जातात तेसुद्धा तिनं नीट उतरवलं होतं.

"पण शून्य ते पंधरा कशाला?" मी विचारलं. खरं म्हणजे स्वतःलाच विचारलं.

पेनवालीनं माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. "त्यांच्या कॅल्क्युलेटरची उजवी बाजू मेलीये ना, सर. तिसरा हिस्सा तरी काळा पडलाय. म्हणून त्या सगळं डावीकडे आणून बघतात. ही युक्ती आम्ही दोघींनी मिळूनच काढली. सगळ्या वर्गाला माहीत आहे."

सगळ्या वर्गाला माहीत आहे. त्या बाकाशी मी एकदाही गेलो नाही.

आज एवढंच लिहितो.


५ सप्टेंबर

ताई,

काल आईकडे गेलो होतो. तुला तिची खोली माहीत नाही. पंक्चरच्या दुकानावर आहे, जिना बाहेरून आणि चांगलाच उभा. तो गुडघे दुखणाऱ्या बाईनं रोज चढायचा. मला माहीत होतं, पण मी चढलो दुसऱ्यांदाच.

ती घमेल्यात कोमट पाणी घेऊन पाय टाकून बसली होती. मला बघून उठायला लागली.

"बस, बस," मी म्हटलं.

"सर घरी आले म्हणजे उठायला नको?" म्हणाली आणि हसली. तिला खरंच गंमत वाटली. मला ते ऐकवेना.

मी सगळं सांगितलं. विंडो, शून्य ते पंधरा, पारदर्शक कागद. ती शांतपणे ऐकत होती आणि मधूनच पाण्यात पाय हलवत होती. मग म्हणाली, "ते मला माहीत होतं रे. मी घरी येऊन पुन्हा काढून बघितलं ना. चार वेळा तेच आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तू मुद्दाम केलंस."

ताई, ती हे रागानं नाही म्हणाली. बस चुकली, दुसरी येईल, अशा सुरात म्हणाली. "मला वाटलं, मास्तराला मी वर्गात नकोय. तोंडानं सांगता येत नाही बिचाऱ्याला, म्हणून असं सांगितलं. म्हटलं, नको तर नको. लेकराचं शिकवण्यात लक्ष लागत नसेल माझ्यामुळे."

"आई, असं मी कसं करीन?"

"नाही केलंस ना? मग झालं," म्हणाली. आणि थोड्या वेळानं, टॉवेल घेता घेता: "बाकीच्यांचे आकडे वाचलेस का रे, चौकटीखालचे?"

मी घमेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिलो. कारण वाचले होते. पहिल्या बाकावरच्या टायपिस्टनं शून्य ते दहा अशी विंडो घेतली होती. त्याची वाटीही माझ्या कागदाशी जुळत नव्हती, आणि मी थांबून, खालचे आकडे वाचून, त्याला दहापैकी दहा दिले होते. वर 'छान' लिहिलं होतं. पेपर तपासून झाल्यावर मी ते विसरलो होतो. तिनं विचारल्यावर आठवलं.

तेव्हा मुद्दाम केलं का, हे तू विचारशीलच. मी शपथेवर 'नाही' म्हणू शकत नाही. तिचं अक्षर ओळखून मी तो पेपर लवकर बाजूला करायला बघत होतो, एवढं मला माहीत आहे. टायपिस्टची चूक दिसली तेव्हा मला वाटलं, काहीतरी कारण असेल. आईची दिसली तेव्हा वाटलं, असंच होणार.

आणखी काही. एकदाच लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही.

'सर' म्हणायची कल्पना तिची नव्हती. माझी होती. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. वर्गात आई म्हणून ओळख दाखवू नकोस, असं मीच तिला सांगितलं, तिथेच, तिच्या त्याच खोलीत. ती "बरं" म्हणाली आणि विषय बदलला.

आणि जुलैत एकदा जिन्यापाशी एका सहकाऱ्यानं मला विचारलं होतं, "तुमच्या वर्गातल्या त्या कंडक्टरबाई, आडनाव तुमचंच दिसतं. नात्यातल्या का?" मी म्हटलं, "छे हो! आमचं आडनाव म्हणजे गावभर सांडलंय." तो हसला, मीही हसलो. आई चार पावलांवर नळाशी बाटली भरत होती. तिला ऐकू गेलं नसेल अशी मी आजवर समजूत घालून घेतली होती. काल तिनंच विषय काढला. "त्या दिवशी बाटली भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही बघ," एवढंच म्हणाली.

क्वार्टरला दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत मी इस्त्रीचं टेबल ठेवलंय. फक्त इस्त्रीचं टेबल.

मी निघालो तेव्हा तिनं बजावलं, "आता हे उकरत बसू नकोस. तुझी नोकरी पक्की होऊ दे. माझं काय, नाही मिळाली खुर्ची तर उभी राहीन. सवय आहे." दारातून बाहेर पडताना तिच्या जुन्या कॅल्क्युलेटरवर माझी नजर गेली, दाराशेजारी खिळ्याला रुमालात बांधून टांगून ठेवलाय. कामाचा संपला म्हणून ठेवून दिलेला.

मास्तर म्हणायची मला लाज वाटते. तू ठेवलेलं नाव आहे, तूच ठरव.


१४ सप्टेंबर

ताई,

सोमवारी मॅडमकडे गेलो. घाम पुसत, पाठ केलेलं सगळं विसरत, सरळ म्हणालो की माझ्या वर्गातल्या कंडक्टरबाई माझ्या आई आहेत, मी ते लपवलं आणि त्यांचा पेपर चुकीचा तपासला.

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. त्या म्हणाल्या, "अहो, जुलैत सांगितलं असतंत तर दोन मिनिटांचं काम होतं. त्यांचे पेपर मी दुसऱ्यांकडे दिले असते. इथे निम्म्या लोकांचं कुणी ना कुणी इथेच शिकतं. लपवण्यासारखं काय होतं त्यात?"

उत्तर होतं, पण ते तोंडातून निघेना. आई शर्टाच्या बाहीनं तोंड पुसते, मोठ्यानं बोलते, 'ग्राफ'ला 'गराफ' म्हणते, हे सांगू? मॅडम वाट बघत राहिल्या आणि मग त्यांना ते माझ्या चेहऱ्यावरच दिसलं असावं, कारण त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि आवाज एकदम कोरडा झाला. संध्याकाळचा वर्ग माझ्याकडून काढून दुसऱ्या बाईंना दिला. माझी नोकरी पक्की व्हायचं एक वर्ष पुढे गेलं. आईचा पेपर त्या बाईंनी पहिल्यापासून तपासला. त्र्याहत्तर नाहीत की नव्वद नाहीत, त्रेचाळीस पडले; एक मार्क कंस न मिटवल्याबद्दल कापला. ती शेवटच्या परीक्षेला बसू शकते. पास होईल की नाही, सांगता येत नाही. अपूर्णांक अजून आहेतच.

वर्गालाही मीच सांगितलं, निरोप घ्यायला गेलो तेव्हा. आई आलेली नव्हती. मी टेबलाची कड घट्ट धरून म्हणालो, "मावशींनी कुणाचं बघितलं नव्हतं. चूक माझी होती. आणि त्या माझ्या आई आहेत."

कुणी दचकलं नाही, ताई. टायपिस्ट म्हणाला, "ते माहीत आहे, सर. नाक तेच आहे की."

पेनवाली म्हणाली, "आम्हाला वाटलं तुमचं काहीतरी भांडण असेल. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, नाही गं, त्याला काम फार असतं."

त्या दिवसानंतर आरशात बघायचं मी टाळतोय. नाक दिसतं.

आतल्या खोलीतलं टेबल मी भंगारवाल्याला दिलं. आईला राहायला ये म्हटलं. ती म्हणाली, बघू. तिचं 'बघू' तुला माहीत आहे. मी आग्रह करायचं धाडस केलं नाही, तो हक्क मला अजून पुन्हा मिळालेला नाही.

काल ती पहिल्यांदा पुन्हा आली. नव्या बाईंच्या वर्गाला. मी विभागाच्या कपाटातून एक चांगला कॅल्क्युलेटर काढून, बॅटऱ्या घालून, सगळ्या कोपऱ्यांत पडदा उजळतो का ते बघून वाट पाहत बसलो होतो. बाहेर आलो तेव्हा ती कॉरिडॉरमध्ये बरीच पुढे गेली होती, तिकिटांची पिशवी खांद्याला, एक हात भिंतीला लावत. वर्ग भरायची वेळ, सगळीकडे मुलं. माझे दोन सहकारी पाण्याच्या नळाशी उभे होते. त्याच नळाशी.

मी हाक मारली, "आई!"

माझा आवाज तिच्यावर गेलाय, हे मला काल कळलं. सगळा कॉरिडॉर वळला. दोन मुली, सहकारी, झाडूवाला, सगळे. ती वळली नाही. बसच्या खडखडाटात मागच्या सीटवरून कुणी पुटपुटलं, "थांबवा हो," तरी जिला ऐकू येतं, ती भिंतीला हात लावत तशीच चालत राहिली.

मी पुन्हा मारली, आणखी मोठ्यानं. तेव्हा ती थांबली. आणि आधी तिनं आजूबाजूला बघितलं, ताई, कुणाची आई आलीये म्हणून.

तुझा भाऊ